मुक्तिदिनाची अपुरी स्मृती

दरवर्षी १७ सप्टेंबरला बीड जिल्ह्यात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. ध्वजवंदन होते, हुतात्म्यांना अभिवादन होते. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांची नावे आदराने घेतली जातात. रझाकारांच्या अत्याचारांची उजळणीही होते. हे सारे उचितच आहे. परंतु आपला इतिहास निजामाच्या शरणागतीपाशी येऊन थांबतो आणि पुढचे पान कोणी उलटीत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली लष्करी कारवाई, जिला आपण आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतो, पाच दिवसांत आटोपली. त्यानंतर खेड्यापाड्यांतून मुसलमान रयतेवर जे गुदरले त्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांना त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात पाठविण्यात आले. कारवाईच्या काळात व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली, असा त्यांचा अंदाज होता. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून हा आकडा किमान पाच हजार धरला होता. हा अहवाल कित्येक दशके सरकारने प्रसिद्धच केला नाही. अंदाज म्हणजे गणना नव्हे, हे खरे. त्यावर वाद अवश्य व्हावा. पण आकडा वादग्रस्त म्हणून घटनाच नव्हती, असे कसे म्हणता येईल?

याचा उच्चार केला तर स्वातंत्र्यसैनिकांचा अवमान होतो, असे काही मंडळी म्हणतात. हे मला मान्य नाही. त्यांचा लढा निजामाच्या एकतंत्री सत्तेशी आणि जहागिरदारीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता. जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या, हे त्या लढ्याचेच फलित. सभांतून मात्र त्याचा उल्लेख क्वचितच होतो. विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ज्यांचा खून झाला, ते संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. आणि हिंदू विणकरांनी प्राण पणाला लावून मुसलमान विणकरांचे रक्षण केल्याची नोंद सुंदरलाल अहवालातच आहे. एका मागावर पोट असलेल्यांचे नाते धर्माच्या नात्याहून बळकट ठरले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्याजोगी आहे.

उलट, १९४८ ची कहाणी केवळ आक्रमणाची म्हणून सांगणारेही अर्धेच सांगतात. रझाकारांनी जाळलेली गावे त्यांच्या कथनात नसतात. तेलंगणात तर २०२२ साली याच दिवसाला केंद्राने 'मुक्तिदिन' म्हटले आणि राज्याने 'एकात्मता दिन'. नावावरून भांडण रंगले, माणसे बाजूलाच राहिली.

कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून निजामकालीन उर्दू व मोडी दप्तरे आपल्याच जिल्ह्यात उपसली गेली. जाणकार शोधले गेले, धूळ झटकली गेली. म्हणजे इच्छा असली की कागद सापडतात. १९४७ ते १९४९ या काळातील तहसील व पोलिसांची जी दप्तरे शिल्लक असतील, ती याच जाणकारांकडून वाचून घ्यावीत आणि दोन्ही बाजूंच्या मृतांची गाववार यादी करावी. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज पंचाऐंशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या जबान्या आधी घ्याव्या लागतील.