जिरे, बोटुकली आणि माझी सही



मागच्या महिन्यात पुतण्या एक प्रकल्प अहवाल घेऊन घरी आला. "काकू, तुम्ही बी.कॉम. आहात, आकडे तेवढे बघून द्या. आणि अर्जावर तुमची सही लागेल." शेततळ्याजवळ मत्स्यबीज केंद्र काढायचं त्याच्या मनात आहे. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान मिळतं, बाईच्या नावावर ६० टक्के. म्हणून काकूची आठवण!

मी नको म्हणायच्या आत त्याचं उत्तर तयार होतं. "आपण मासे मारणार नाही, खाणार नाही. फक्त बीज विकणार. उलट लाखो जीव जन्माला घालणार, पुण्यच की." हे बोलणं त्याच्या एकट्याचं नाही. लग्नाकार्यात, पंगतीला बसल्यावरसुद्धा मी ते ऐकलं आहे.

आकडे मात्र मी तपासले. खर्चाच्या बाजूला लिहिलं होतं, 'इंजेक्शन'. कसलं, म्हणून विचारलं, आणि मग आठवडाभर मी तेच वाचत बसले.

रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. पावसाळ्यात पूर आला की ते अंडी सोडतात. तळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण पूर येत नाही, म्हणून ती सोडत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी मेलेल्या माशाच्या मेंदूखालची इवलीशी ग्रंथी काढून, तिचा अर्क टोचून मादीला अंडी सोडायला लावलं. सरकार तो दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतं. म्हणजे सुरुवातीला एका माशाला वितवण्यासाठी दुसऱ्याचं डोकं फोडावं लागे. आता तयार औषध मिळतं. त्यात कृत्रिम संप्रेरक असतं आणि सोबत डोम्पेरिडोन. होय, उलटी थांबायला आपण घेतो तेच. माशाच्या मेंदूत अंडी सोडण्याला आवर घालणारा एक पदार्थ असतो, डोम्पेरिडोन तो आवर काढून टाकतं. संध्याकाळी सुई टोचली की पहाटेपर्यंत काम झालेलं असतं. गवत्या आणि चंदेऱ्या माशांचं तर पोट दाबून अंडी काढतात.

आणि हा सगळा हंगाम कधी? आषाढ-श्रावणात. पायाखाली जीव येऊ नये म्हणून आपले मुनी एका जागी थांबतात, त्याच चातुर्मासात.

शब्द बघा कसे घरगुती आहेत. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना या धंद्यात 'जिरे' म्हणतात, बोटाएवढी झाली की 'बोटुकली'. जिरे म्हटलं की फोडणी आठवते, पंचेंद्रिय जीव आठवत नाही. हे जिरे सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकून आधीचे मासे मारायचे, साबण आणि तेलाचं मिश्रण पसरून पाण्यातले किडे मारायचे. शिवाय जिऱ्यांची बोटुकली होईपर्यंत निम्म्याहून जास्त मरतात, ते अहवालात 'मरतूक' म्हणून आधीच धरलेलं असतं. मी जन्मभर हिशेब लिहिले, पण मरणाची तरतूद करून पुण्य जमेला धरलेलं पहिल्यांदाच पाहिलं. पाणी गाळून जिवाणी विहिरीत परत सोडणाऱ्या घरात हे कागद टेबलावर पडले होते!

तिलापियाचं आणखी वेगळं. पिल्लांच्या खाद्यात पहिले तीन-चार आठवडे पुरुष-संप्रेरक मिसळतात, म्हणजे माद्यासुद्धा नर होतात, वीण थांबते आणि वजन वाढतं. श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यापारांत 'निर्लांछन' येतं, म्हणजे जनावराचं नाक टोचणं, त्याला खच्ची करणं. याला दुसरं काय म्हणायचं?

संप्रेरक म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दशलक्षणात पूजा चुकू नये, यात्रेत अडचण नको, म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी कितीजणींनी घेतली असेल! शिखरजीला जाताना मीही घेतली. नंतर दोन महिने अंग ठिकाणावर नव्हतं. पण ती मी माझ्या मनाने घेतली होती.

सिद्धेश्वर, येलदरीच्या पाण्यावर जाळं टाकणाऱ्या भोई बांधवांना मी काही सांगायला जाणार नाही. त्यांचं पोट त्यावर आहे आणि ते काय करतात ते उघड करतात. माझं भांडण आपल्याशी आहे. आपल्याला शेती आहे, दुकान आहे, तरी वर बीज विकून हात धुवायचे आहेत. कृत, कारित, अनुमोदना हे पाठशाळेत घोकलेलं असताना, ते बीज कुणाच्या ताटात जाणार हे ठाऊक नाही असं म्हणता येईल का?

पुतण्याने शेवटी मला पेचात टाकलंच. "मग काकू, दुधाचं काय? म्हशीलाही पान्ह्यासाठी सुई टोचतात." मला लगेच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला विचारलं, तो हसला. तेव्हापासून ओळखीच्या शेतकऱ्याकडून, वासराला पाजून उरलेलं दूध घेते. अर्धा लिटरच मिळतं. चहा कमी झाला आहे आणि ह्यांची कुरकूर चालू आहे. दह्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण दुधात माझी चूक आहे, म्हणून माशाच्या कागदावर सही करावी, हा हिशेब मला पटत नाही.

सही मी केली नाही. आता तो अर्ज धाकट्या सुनेच्या नावाने भरायचं चाललं आहे, असं कानावर आलं. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच पाठवणार आहे.