फाट्यावरचा शेतकरी आणि आकाशांतील घड्याळें

३३ फुटांची मोजणीची साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो एक गुंठा, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास, भूमीस स्पर्शहि न करितां आकाशांतून स्थान कळावें ही गोष्ट प्रथम खरी वाटेना. परंतु तिचें मर्म साधें आहे. उपग्रहावर अतिसूक्ष्म घड्याळ असतें. तेथून निघालेला संदेश गाडींतील यंत्रास पोंचण्यास किती काळ लागला, यावरून अंतर निघतें. चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे जागा निश्चित होते. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांशानें चुकलें तरी हिशेब ३०० मीटरांनीं बिघडतो!

आपल्या देशाची ‘नाविक’ नांवाची स्वतंत्र योजना असून तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडण्यांत आला. पुढें १ जानेवारी २०१९ पासून नव्यानें नोंदल्या जाणाऱ्या बस व टॅक्सींत स्थानदर्शक यंत्र आणि संकटसमयीं दाबावयाची कळ असावी, असा दंडक झाला. साधन आलें, मग अडतें कोठें?

माझ्या मतें, त्याचा लाभ कचेरींतच अडतो. मोठ्या शहरांतून बस कोठवर आली हें प्रवाशास मोबाईलवर पाहतां येतें. आमच्या फाट्यावर मेथीच्या जुड्या घेऊन उभ्या असलेल्या बाईस मात्र वाटेकडे डोळे लावूनच बसावें लागतें. गेल्या पावसाळ्यांत मी तेथें दीड तास तिष्ठत राहिलों. गाडी वाटेंत बिघडली होती, व तें कचेरीस केव्हांच ठाऊक होतें. शेजारच्या शेतकऱ्याची कोथिंबीर लिलाव आटोपल्यावर बाजारांत पोंचली. वेळीं कळतें तर आम्हीं चौघांनीं मिळून टेंपो केला असता.

उपग्रह गाडी आणून देत नाहीं, हें खरें. गाड्याच अपुऱ्या असतील तेथें यंत्र काय करणार? शिवाय केवळ चालकास दंड करण्यापुरतें तें वापरल्यास चालक त्याचा द्वेषच करील. परंतु कोणती गाडी कोणत्या फाट्यावर रोज किती उशिरां येते याची नोंद आतां आपोआप होत असते. ती महिन्याच्या महिन्यास ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी, व तीवरून वेळापत्रक बदलावें. सर्वांजवळ भारी मोबाईल नसतो. म्हणून साध्या दूरध्वनीवर फाट्याचा क्रमांक दाबतांच मराठींत उत्तर मिळण्याची सोय व्हावी.

आपल्या संघानें येत्या सभेंत असा ठराव मांडावा. तालुक्यांतील फाट्यांची यादी करून देण्याचें काम मी पत्करीन.