पूर ओसरल्यानंतरचा हिशेब

पूर ओसरला की शासनाचा हिशेब सुरू होतो. तलाठी पंचनाम्याला येतो. पडलेल्या भिंती, वाहून गेलेली जनावरे, बुडालेले धान यांची नोंद होते आणि यथावकाश मदतीचा आकडा जाहीर होतो. घराघरांतून उपसलेल्या घाणीला मात्र या हिशेबात सहसा स्थान नसते. ज्याचे घर बुडाले त्यानेच, आणि बहुधा त्या घरातील स्त्रीनेच, ती निस्तरावी असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतच तपासले पाहिजे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांना पूर नवा नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून पाण्याचा लोंढा आला, गोसेखुर्दचे दरवाजे उघडले गेले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या भागांतील गावे बुडवली. जुलै २०२२ मध्ये गोदावरी व प्राणहिता यांच्या पुराने सिरोंचा तालुका हवालदिल झाला. त्याच महिन्यात इरईचे पाणी चंद्रपूर शहराच्या सखल वस्त्यांत शिरले. नद्या त्याच आहेत. त्यांच्या काठची घरे मात्र बदलली आहेत. पूर्वी कुडामातीचे घर पडले तर माती मातीला मिळे, कवेलू वेचून पुन्हा चढवता येत. आता अनेक घरांवर सिमेंटचे पत्रे आहेत. माकडे कवेलू फोडतात, दरवर्षीची शाकारणी परवडत नाही. त्यामानाने पत्रा स्वस्त आणि टिकाऊ. गरिबाने केलेली ही निवड त्याच्या परिस्थितीत शहाणपणाचीच होती. परंतु अशा पत्र्यांपैकी बहुतेकांत सिमेंटला बळकटी देणारे तंतू ॲस्बेस्टॉसचे असतात, हे विकत घेताना त्याला कोण सांगतो?

शाबूत पत्रा छपरावर आहे तोवर धोका अल्प असतो. तो फुटला, कापला किंवा घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात, श्वासावाटे फुप्फुसांत रुततात, आणि वीस ते चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या वा त्याच्या आवरणाच्या कर्करोगाचे कारण होऊ शकतात. संपर्क जितका अधिक व वारंवार, तितका धोका मोठा. म्हणूनच फुटके पत्रे कुटून रस्त्याच्या खड्ड्यांत भरणे, त्यांचे तुकडे कोरड्या झाडूने लोटणे हे घातक आहे.

काय करावे हे अवघड नाही. चिखल ओला असतानाच तुकडे उचलावेत. वाळले असतील तर प्रथम पाणी शिंपडावे. ते तोडू नयेत, जाड प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनात बांधून त्यावर खूण करावी. तोंडाला बांधलेला दुपट्टा हे तंतू अडवीत नाही; त्यासाठी योग्य मुखवटाच हवा. कामाचे कपडे वेगळे धुवावेत, मुलांना दूर ठेवावे. उरलेल्या कचऱ्याचेही वर्गीकरण हवे. कीटकनाशकांचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, भिजलेली औषधे वेगळी ठेवावीत. प्लास्टिक जाळू नये. कुजलेले धान्य जनावरांना घालू नये. मेलेली जनावरे विहिरीपासून दूर, खोल पुरावीत.

तथापि हा उपदेश केवळ गरिबालाच करून आपली सुटका होणार नाही. ज्याच्या घरात कोरडा सदरा उरला नाही, त्याने मुखवटा आणि प्लास्टिक कोठून आणावे? पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली दाखवून दिले की उत्पादकाचा खासगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत अंतर असू शकते. स्वस्त पत्र्याची किंमत तो विकत घेतानाच पुरती चुकती होत नाही. तिचा उरलेला भाग पुरानंतर झाडू मारणारी बाई आपल्या श्वासाने चुकता करते. युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. आपल्याकडे मात्र आयात केलेल्या ॲस्बेस्टॉसपासून पत्रे बनतच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. कारखान्यातील श्रमिकाला निदान कागदावर मिळालेले हे संरक्षण अंगणातील श्रमिकेला कोणी दिले?

अन्नाची भ्रांत असताना तंतूंची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा खर्च आज टाळला म्हणून नाहीसा होत नाही. तो पुढील पिढीच्या दवाखान्यात व्याजासह वसूल होतो. म्हणून पंचनाम्यात फुटलेल्या पत्र्यांचा रकाना हवा. प्रत्येक पूरग्रस्त तालुक्यात पूररेषेच्या वर, विहिरींपासून दूर, अशा कचऱ्यासाठी बंदिस्त जागा पावसाळ्यापूर्वीच निश्चित हवी. हे काम प्रशिक्षित माणसांनी, पुऱ्या मजुरीवर, साधनांसह करावे. त्याचा भार पत्रे बनवणाऱ्यांवर उपकर बसवून उचलावा. आणि घरदुरुस्तीच्या मदतीतून पुन्हा तोच पत्रा चढणार असेल तर ती मदत अपुरी समजावी. कवेलूचा वा अन्य निर्धोक छपराचा खर्च तीत धरलाच पाहिजे. आपत्ती निसर्गाची असेल. तिच्यानंतरच्या कचऱ्याची वाटणी मात्र माणसांनी ठरवलेली आहे, आणि ती बदलणेही माणसांच्याच हाती आहे.