धोतराची गाठ

वृद्धांच्या आरोग्याचा विचार करताना आपण त्यांचा आहार पाहतो, औषधे मोजून देतो, रक्तदाब तपासून घेतो. त्यांच्या अंगावरील वस्त्राकडे मात्र आरोग्याचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. सत्तरी-ऐंशीपुढील पुरुषांचे धोतर हा असाच एक दुर्लक्षित विषय आहे. घरातील मंडळी ते सोडायला लावतात आणि कारण बहुधा एकच सांगतात, "आजोबा पाय अडकून पडतील." काळजी रास्त आहे. परंतु धोतर सोडणे हाच त्यावरचा एकमेव उपाय आहे काय, याचा विचार आज करू.

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावरील आमच्या पाटणातून धोतर अद्याप नाहीसे झालेले नाही. बाजाराच्या दिवशी एस.टी. स्थानकावर ढेबेवाडी, मोरगिरी, चाफळ या भागांतून येणाऱ्या गाड्यांमधून धोतर, सदरा आणि टोपी अशा वेषातील वयस्क माणसे उतरताना दिसतात. यांतील कित्येकांनी मुंबईत माथाडी कामगार म्हणून उमेदीची वर्षे काढली. तिथे विजार घातली. गावी परतल्यावर पुन्हा धोतर नेसले. त्यांची संख्या मात्र वर्षागणिक रोडावते आहे.

धोतर सर्वांच्याच अंगावर होते तेव्हा त्याकडे कोणी वळून पाहत नसे. आता एका धोतरवाल्याला दुसरा दिसला की नजर थबकते. दवाखान्याच्या बाकावर हे मी नेहमी पाहतो. दोन अनोळखी म्हातारे शेजारी येऊन बसतात. "रामराम पावनं, कंच्या गावचं म्हणायचं?" एवढ्यावर सुरुवात होते. मग धोतराचे पान कुठल्या दुकानातून घेतले, सूत कसे आहे, इथपासून गोष्ट पीकपाणी, लेकी-सुना आणि गुडघेदुखीपर्यंत पोहोचते. आत बोलावले तर उठायला दोघेही नाखूश असतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंद-फलटणच्या वाटेवर नाव-गाव न विचारताही वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तिथेही ओळख आधी वेषाची पटते. मराठीत बांधली जाते तीही गाठ आणि पडते तीही गाठ. वृद्धापकाळात दुसऱ्या गाठीचे मोल औषधाहून कमी नाही. कारण एकटेपणाचा संबंध नैराश्य, हृदयविकार आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी असल्याचे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे.

पाटणहून मुलाकडे पुण्यास राहावयास गेलेल्या एका वृद्धाची हकिगत सांगतो. फ्लॅटमधील गुळगुळीत फरशीच्या भीतीने मुलाने त्यांना इलॅस्टिकची विजार घातली. काही आठवड्यांत त्यांचे जिन्याखाली उतरणे बंद झाले, भूक मंदावली, झोप उडाली. गुडघे दुखत असावेत असे घरच्यांना वाटले. गुडघे तपासले, त्यांत विशेष काही नव्हते. खोदून विचारल्यावर ते म्हणाले, "ह्या तुमानीत मला भाईर जायाची लाज वाटती." मुलाने धोतर परत दिले, मात्र ते नेसण्याच्या पद्धतीत थोडा बदल करवून. पुढे सोसायटीजवळच्या बागेत त्यांना आटपाडीकडचे दुसरे धोतरवाले भेटले आणि संध्याकाळचे फिरणे आपोआप सुरू झाले. धोतराने रोग बरा होतो, असा याचा अर्थ नव्हे. ते काढून घेतल्याने कोणता त्रास सुरू होऊ शकतो, एवढेच यातून ध्यानात घ्यावे.

वेष आणि मन यांचे हे नाते केवळ आपल्याकडचे नाही. स्कॉटलंडमधील पुरुषांचा किल्ट हाही मूळचा अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्ट्याने आवळायचा लांबलचक कपडाच होता. तेथील डोंगराळ भागातील बंडानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ साली कायदा करून या वेषावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने कैद आणि दुसऱ्याला ७ वर्षांची हद्दपारी, अशी शिक्षा होती. बंदी उठली ती १७८२ साली. माणसाचा वेष काढून घेतला की त्याचा कणा वाकतो, हे त्या राज्यकर्त्यांना कळत होते. आपल्या घरात असा कायदा नसतो आणि हेतूही मायेचा असतो; पण म्हाताऱ्या माणसाच्या मनावर होणारा परिणाम पुष्कळदा तसाच असतो.

आता शरीराच्या सोयीकडे वळू. वयोमानाने पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट वाढली की लघवीची घाई होते. थरथरत्या बोटांना बटणे आणि साखळी उघडण्यापेक्षा धोतर बाजूला सारणे सोपे जाते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अथवा अर्धांगवायूत विजारीत पाय घालणे कष्टाचे असते. गुंडाळण्याच्या वस्त्रात तो त्रास नाही. लघवीची नळी असेल तर धोतरात ती व्यवस्थित राहते. मात्र नळी गाठीखाली दबू देऊ नये आणि पिशवी नेहमी ओटीपोटाच्या पातळीखाली ठेवावी. पायांवरील सूज, मधुमेह्याच्या पावलावरची जखम घरच्यांच्या दृष्टीस लवकर पडते, हाही एक लाभ.

धोके अर्थातच आहेत. सर्वांत मोठा धोका पडण्याचा. धोतराची कड घोट्याच्या चार बोटे वर राहील असे नेसावे. पुष्कळांना सोगा हातात धरून चालण्याची सवय असते; त्यामुळे काठी किंवा जिन्याचा कठडा धरायला हात मोकळा राहत नाही. सोगा कमरेला खोचावा. अंथरुणातून उठल्याबरोबर उभ्याने नेसू नये. वृद्धांचा, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांचा, रक्तदाब उभे राहताच खाली येऊन भोवळ येऊ शकते. आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसावे, मग भिंतीला पाठ टेकून नेसावे. कासोटा घालताना वाकावे लागते, तेव्हा कोणीतरी जवळ असावे. रात्री लघवीला उठावे लागणाऱ्यांनी झोपताना आखूड पंचा नेसावा आणि वाटेवर मंद दिवा ठेवावा. दुचाकीवर मागे बसण्यापूर्वी दोन्ही सोगे घट्ट खोचले आहेत ना, हे चालवणाऱ्याने स्वतः पाहावे. चूल, शेकोटी आणि पाण्याचा बंब यांपासून अंतर राखावे. कृत्रिम धाग्याचे कापड जळताना वितळून कातडीला चिकटते. म्हणून धोतर सुतीच असावे.

दुसरा धोका गाठीचा. वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधलेली गाठ, तीत मुरणारा घाम आणि घर्षण यांमुळे कमरेची त्वचा काळवंडते अथवा पांढरी पडते, खाजते, चिरते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यासमवेत १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात अशा जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले आणि तो 'धोती कॅन्सर' या नावाने ओळखला गेला. हा आजार दुर्मिळ आहे, भिऊन जाण्याचे कारण नाही. परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांमध्येही तो आढळलेला आहे. गाठीची जागा अधूनमधून बदलावी, ती दोन बोटे आत जातील इतकी सैल असावी. कमरेवरची जखम, चट्टा किंवा गाठ ३ ते ४ आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावी. तिच्यावर हळद लावून वाट पाहत बसू नये.

तिसरी बाब पावसाळ्याची. आमच्या भागात पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ओलसर धोतर आणि घट्ट लंगोट यांमुळे जांघेत नायटा होतो. धोतराची निदान तीन पाने फिरवून वापरावीत, शक्य असल्यास इस्त्री करावी, आंघोळीनंतर जांघ कोरडी पुसावी. दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणून लावू नये. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण नायटा आतून पसरतो. लंगोट आवळून बांधल्याने अंतर्गळही बरा होत नाही. त्याची तपासणी करून घ्यावी. तो एकाएकी दुखू लागला, कडक झाला किंवा उलट्या होऊ लागल्या, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. साठ वर्षे सफाईने धोतर नेसणारा माणूस ते वाकडेतिकडे नेसू लागला, निऱ्या अर्ध्यावर सोडू लागला किंवा भलत्याच क्रमाने बांधू लागला, तर "म्हातारपणी असे व्हायचेच" म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंश, दृष्टिदोष, कंपवात यांची ती खूण असू शकते. हा बदल एकाएकी घडला आणि एका हातातील बळ गेले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो अर्धांगवायूचा झटका समजून तातडीने रुग्णालयात न्यावे. नेहमीच्या गाठीत धोतर ढिले होऊ लागले तर वजन घटते आहे. पोट फुगून ते पुरेनासे झाले, तर पोटात पाणी साठले आहे का, हे तपासावे लागते.

काहींना पुढे स्वतः धोतर नेसणे झेपत नाही. अशांसाठी इलॅस्टिक लावून शिवलेली धोतरे बाजारात मिळतात. घरीही शिवून घेता येतात. तेही जमेनासे झाले तर लुंगी किंवा विजार आहेच. मात्र तो निर्णय त्यांना विचारून, त्यांच्या देखत व्हावा. पेटीतील धोतरे परस्पर बोहारणीला देऊन टाकू नयेत. एखादे पान धुऊन, घडी घालून हाताशी ठेवावे, सणावाराला नेसवावे आणि त्यांच्या वयाच्या एखाद्या धोतरवाल्या स्नेह्याकडे त्यांना घेऊन जावे. तिथे तासभर बसू द्यावे, आणि परतण्याची घाई करू नये.