गारव्याची उष्णता जाते कुठे?

होळी झाली की विदर्भात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि त्यांना वाळ्याच्या किंवा गवताच्या नव्या ताट्या बसतात. त्याच सुमारास मुंबईच्या वर्तमानपत्रांत एसीच्या पानभर जाहिराती झळकू लागतात. एकाच राज्यात उन्हाळ्याला तोंड देण्याच्या या दोन तऱ्हा. त्यामागे पैशाचा प्रश्न आहेच. पण त्याआधी हवेचा आहे.

थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की पारा खाली येतो. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते, एवढेच त्यातले शास्त्र. माठातले पाणी गार होते तेही यामुळेच. मे महिन्यातल्या नागपुरात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २४ अंशांच्या आसपास उतरतो. मुंबईत हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तोच पारा २८ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे पाण्याने मिळणाऱ्या गारव्याच्या हिशेबात मुंबई नागपुरापेक्षा गरम ठरते! कूलर मुंबईत का चालत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. आणि माणसाचे शरीर हाही एक कूलरच आहे, घामावर चालणारा. खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला, तेव्हा पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. डोक्यावर ऊन आणि हवेत बाष्प असले, की नुसत्या पाऱ्यावरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही.

एसीचा जन्मही या दमटपणातूनच झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आणि रंग जागेवर बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने १९०२ मध्ये हवेतले बाष्प काढणारी यंत्रणा आखली. माणसांच्या सुखाचा विचार नंतर आला.

एक गोष्ट मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. एसी थंडावा ‘तयार’ करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी जी वीज खर्च होते तिचीही उष्णताच होते आणि तीही बाहेरच्या हवेत जाते. म्हणजे खोलीतून जेवढी निघाली त्याहून अधिक उष्णता गल्लीला मिळते. अमेरिकेतील फिनिक्स शहराविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी संगणकीय प्रारूपाने दाखवून दिले, की एसींनी बाहेर फेकलेल्या उष्णतेमुळे काही भागांत रात्रीचे तापमान एका अंशाहून अधिक वाढू शकते. ज्याच्या घरी एसी आहे तो खिडकी लावून झोपतो. समोरच्या चाळीत खिडकी उघडी ठेवणाऱ्याने काय करावे?

यंत्रातल्या वायूची कथा वेगळीच. फ्रिऑन जातीचे वायू ओझोनचा थर खातात, हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ च्या माँट्रिअल करारान्वये ते हटवण्याचे ठरले. त्यांच्या जागी आलेले वायू ओझोनला निरुपद्रवी निघाले, पण त्यांतले अनेक पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो ते हजारो पट वरचढ. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे पुन्हा बैठक झाली. त्यानुसार भारताला २०२८ मध्ये या वायूंच्या वापराची वाढ गोठवायची आहे, २०३२ पासून कपात सुरू करायची आहे आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. पर्याय आपल्या हाताशी आहे. गोदरेजने २०१२ च्या सुमारासच प्रोपेनवर चालणारे एसी बाजारात आणले. प्रोपेन हा स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला, म्हणजे ज्वालाग्राही; त्यामुळे तो यंत्रात मोजकाच भरावा लागतो आणि दुरुस्ती करणाराही शिकलेला लागतो. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचे प्रशिक्षण हा हवामान कराराचा भाग आहे, असे कोणाला वाटेल का? पण आहे.

यंत्र अधिक काटकसरी करण्याचे संशोधनही जोरात आहे. भारत सरकारच्या सहभागाने २०१८ मध्ये ‘ग्लोबल कूलिंग प्राइझ’ नावाची स्पर्धा जाहीर झाली. नेहमीच्या एसीच्या तुलनेत हवामानावरचा परिणाम एकपंचमांश हवा आणि किंमत दुपटीपेक्षा अधिक नको, अशी अट होती. चाचण्यांनंतर २०२१ मध्ये ग्री आणि डायकिन या कंपन्यांचे संघ विजेते ठरले. म्हणजे असे यंत्र बनवता येते, हे सिद्ध झाले. अडचण आहे ती दुकानातल्या ताऱ्यांची. आपण तारे मोजून यंत्र घेतो, पण तारे देणाऱ्या चाचणीत बाष्प काढण्याच्या कामाला फारसे महत्त्व नाही. मग कोकणपट्टीतला ग्राहक चिकचिक जावी म्हणून यंत्र १८-२० अंशांवर लावतो, वर पांघरूण घेऊन झोपतो आणि महिन्याअखेर बिल पाहून जागा होतो. कारखान्यातून निघताना यंत्र २४ अंशांवर लावलेले असावे, हा नियम २०२० पासून लागू झाला, हे बरेच झाले. पण दमट किनाऱ्यासाठी वेगळी कसोटी लावली तर त्याहून अधिक वीज वाचेल, असे मला वाटते.

आणि तरीही हे सारे थोड्यांपुरतेच. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’ काढला, तेव्हा देशातल्या जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. बाकीच्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, आणि खरे संशोधन आता या छपरावर येऊन ठेपले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये असा एक पातळ थर तयार केला, की तो भर उन्हात, विजेशिवाय, भोवतालच्या हवेपेक्षा जवळपास पाच अंशांनी गार राहिला. पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ९८ टक्के सूर्यप्रकाश परतवणारा पांढरा रंग जाहीर केला. दोन्हींचे मर्म एकच: ऊन परतवायचे आणि छपराची स्वतःची उष्णता थेट आकाशाकडे सोडायची.

यात आपल्याला नवे वाटण्यासारखे थोडेच आहे. अलाहाबादला थंडीच्या रात्री मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवून बर्फ धरत असत. रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये ती पद्धत लिहून ठेवली आहे. निरभ्र आकाश उष्णता शोषून घेते, हे त्या बर्फवाल्यांना अनुभवाने ठाऊक होते. दमट हवेत मात्र बाष्प ही वाट अडवते, त्यामुळे मुंबईला या रंगाचा फायदा नागपूरपेक्षा कमीच होणार. ऊन परतवण्याचा लाभ तरीही उरतोच.

अहमदाबादने हा धडा मोठी किंमत देऊन गिरवला. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. २०१३ मध्ये शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरे चुन्याने पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले.

पण कोणती छपरे आधी? त्यासाठी नकाशे लागतात आणि तिथेच एक गंमत आहे. लँडसॅट उपग्रह अवकाशातून जमिनीचे तापमान टिपतो, पण तो आपल्यावरून जातो सकाळी दहाच्या सुमारास. माणसांचे हाल होतात दुपारी आणि रात्री. तो मोजतो पृष्ठभाग, घरातली हवा नव्हे. शिवाय चकचकीत पत्रा स्वतः तापला तरी उष्णतेचे किरण कमी सोडतो, म्हणून उपग्रहाला तो आहे त्यापेक्षा गार दिसतो. ज्या घराला मदत सर्वांत आधी हवी, तेच घर नकाशावर सुखात असल्यासारखे दिसण्याचा धोका आहे. इस्रो आणि फ्रान्सच्या अंतराळ संस्थेने आखलेल्या ‘तृष्णा’ मोहिमेत रात्रीच्याही नोंदी व्हायच्या आहेत. तोवर प्रत्येक प्रभागातल्या पत्र्याच्या काही घरांत साधे तापमापक टांगून रात्रीचे आकडे लिहून ठेवायला हरकत नाही. त्याला उपग्रह लागत नाही.

राहता राहिला खर्च. छपराला चुना एकदा देऊन भागत नाही. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, धूळ बसते, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी तो पुन्हा द्यावा लागतो. भाडेकरू म्हणतो घर मालकाचे, मालक म्हणतो उकाडा भाडेकरूचा. नालेसफाईला पालिकांच्या अंदाजपत्रकात दरवर्षी ठरलेली जागा असते. तशीच या चुन्यालाही द्यावी लागेल, आणि काम होळीच्या आत उरकावे लागेल.