नुसत्या पाटीने विभाग होत नाही

आमच्या नंदुरबार-धुळ्याकडे काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या लांबच लांब रांगा दिसतात. त्या डाइक, भेगांत घुसून थिजलेला शिलारस. २००७ च्या एका शोधनिबंधात किलोमीटरहून लांब अशा २१० डाइक नोंदल्या आहेत, सर्वांत लांब ७९ किलोमीटरची! या भिंती कुठे भूजल अडवतात, कुठे भेगांतून वाहू देतात. विहीर कुठे खणावी, हे त्या ओळखणाराच सांगेल. तो कुठे घडणार?

विद्यापीठात भूशास्त्राची पाटी लावली, की विभाग झाला असं समजतात. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक वर्ष संपलं की जातो. विहिरींच्या पातळीच्या वह्या मात्र वर्षानुवर्षं भराव्या लागतात. कायम शिक्षक नेमा, शिवारात हिंडायला पैसा द्या.

पैसा नाही म्हणता? मग कोरड्या बोअरवेलींचा हिशेब मांडा. तो शेतकरी भरतोच आहे. असो.