मागची काच कोणाची?

नवी गाडी शोरूमबाहेर पडते तेव्हा तिच्यावर झेंडूचा हार असतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक असते आणि मागच्या काचेवर, डिकीच्या पत्र्यावर किंवा नंबरप्लेटभोवतीच्या प्लॅस्टिकच्या फ्रेमवर डीलरचे नाव, गाव आणि बहुधा फोन नंबरही असतो. हार दुसऱ्या दिवशी सुकतो, स्वस्तिक पहिल्या धुण्यात जाते, डीलरचे नाव मात्र वर्षानुवर्षे टिकते. काही ग्राहक ते खरवडून काढतात आणि त्यांना बाकीचे लोक चिकित्सक, किरकिरे, ‘नसत्या गोष्टीचा बाऊ करणारे’ अशी विशेषणे लावतात. माझ्या मते किरकिरे ठरवायचेच तर ते न विचारता नाव चिकटवणाऱ्याला ठरवावे. पूर्ण किंमत मोजलेल्या वस्तूचा दर्शनी भाग हा त्या वस्तूचाच भाग असतो. तो जाहिरातीला वापरायचा तर मालकाची संमती आधी घ्यायला हवी. या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा, की दहा-बारा लाखांच्या गाडीवरच्या वीतभर स्टिकरसाठी एवढा वाद कशाला? पण ही बाब खरोखर क्षुल्लक असती, तर डीलरने ते छापण्याचा आणि चिकटवण्याचा खटाटोप केला नसता. फिरत्या जाहिरातीला बाजारात भाव आहे. बेस्टच्या बसवर नाव झळकवायचे तर पैसे मोजावे लागतात आणि ते बेस्टला मिळतात. खासगी गाडीच्या बाबतीत मात्र जागा ग्राहकाची, इंधन ग्राहकाचे, कर ग्राहकाने भरलेला आणि जाहिरात डीलरची, तीही फुकट. रक्कम लहान म्हणून तत्त्व लहान होत नाही, हे आपल्याकडच्या ग्राहक मंचांनी तीन रुपयांच्या पिशवीवरून दाखवून दिले आहे. चंडीगडच्या जिल्हा ग्राहक मंचाने २०१९ साली बाटाच्या दुकानाविरुद्धच्या तक्रारीवर निकाल दिला. बूट घेणाऱ्याकडून कागदी पिशवीचे ३ रुपये वसूल केले होते आणि पिशवीवर कंपनीचे नाव छापलेले होते. पैसे देणाऱ्या ग्राहकालाच जाहिरातीचा वाहक बनवण्याचा हा प्रकार मंचाला मान्य झाला नाही आणि भरपाई, खर्च वगैरे मिळून सुमारे ९,००० रुपये भरण्याचा आदेश कंपनीला झाला. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बझारच्या प्रकरणात, आधी कल्पना न देता पिशवीचे पैसे लावण्याला अनुचित व्यापारी प्रथा ठरवले. हे निकाल गाडीवरच्या स्टिकरबद्दलचे नाहीत आणि ते तसे आहेत असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ग्राहकाला अंधारात ठेवून त्याच्या खर्चाने आपला लाभ साधू नये, हा त्यांतला न्याय इथेही तितकाच लागू पडतो.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. गाडीवर कंपनीचे बोधचिन्ह असते, मॉडेलचे नाव असते. ते चालते, मग डीलरचेच का खुपते? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. स्टीलच्या डब्याच्या बुडाशी कारखान्याचा छाप असतो, काठावर घेणाऱ्याचे किंवा आहेर देणाऱ्याचे नाव घातलेले असते. भांडी विकणाऱ्याने तिथे स्वतःचे नाव घातले, तर तो डबा कोणी घरात आणणार नाही. वस्तू कोणी घडवली हे सांगणारी खूण वस्तूच्या ओळखीचा भाग असते. ग्राहकाने ती पाहून, पसंत करून गाडी घेतलेली असते आणि गुणवत्तेची जबाबदारी त्या नावावर येते. डीलरचे नाव फक्त गाडी कोणत्या दुकानातून आली एवढेच सांगते. तीच गाडी शेजारच्या शहरातून घेतली असती तरी तिच्यात तसूभर फरक पडला नसता.

यावर कायद्याच्या भाषेत बोलणारे म्हणतात, की ताबा घेताना स्टिकर गाडीवर होता, तुम्ही सही करून गाडी नेली, म्हणजे ‘आहे तशी’ स्वीकारली. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो व्यवहाराचा क्रम विसरतो. गाडीचे बुकिंग आधी होते. माहितीपत्रक, रंगाचा नमुना आणि शोरूममधली गाडी पाहून होते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार वर्णनावरून किंवा नमुन्यावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी, त्या नमुन्याशी जुळली पाहिजे. माहितीपत्रकातल्या छायाचित्रात मागच्या काचेवर अमुक मोटर्सचे नाव नसते. एका स्टिकरमुळे विक्री रद्द होते असे मी म्हणत नाही, पण ग्राहकाने न मागितलेली भर घातल्यावर ‘तुम्हीच स्वीकारलीत’ असे म्हणणे टिकणारे नाही. याच आक्षेपाचे भावंड म्हणजे, डीलरने सूट दिली, त्या बदल्यात त्याचे नाव राहू द्यावे. राहू द्या की! मात्र तो सौदा असेल तर तो कागदावर यावा. ऑन-रोड किमतीच्या तपशिलात विमा, नोंदणी, फास्टॅग, मॅट, मडफ्लॅप असे सगळे ओळीने लिहिलेले असते. त्यांत ‘जाहिरातीबद्दल वजावट’ अशी ओळ असेल आणि ग्राहकाने तिच्यावर सही केली असेल, तर माझी तक्रार नाही. ती ओळ नसेल, तर सूट ही विक्री वाढवण्यासाठी दिलेली सूटच होय. तिच्या बदल्यात मागाहून काही मागता येत नाही.

संमतीचा हा मुद्दा किती खोल जातो, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. न्यू हॅम्पशर राज्याच्या नंबरप्लेटवर स्वातंत्र्य नाही तर मरण अशा आशयाचे राज्याचे ब्रीदवाक्य असते. जॉर्ज मेनार्ड या नागरिकाने आपल्या श्रद्धेशी विसंगत म्हणून ते झाकले, त्याबद्दल त्याला दंड झाला आणि काही दिवस तुरुंगात काढावे लागले. १९७७ साली वूली विरुद्ध मेनार्ड या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नागरिकाच्या खासगी गाडीला आपल्या विचाराचा फिरता फलक बनवण्याची सक्ती राज्याला करता येणार नाही. तिथे प्रश्न राज्यसत्तेचा आणि विवेकस्वातंत्र्याचा होता, इथे तो दुकानदार आणि गिऱ्हाइकाचा आहे, हा फरक मान्य. पण जी मुभा सार्वभौम राज्यालाही मिळाली नाही, ती डीलरला केवळ ग्राहकाच्या मौनातून कशी मिळावी?

फोन नंबर अडीअडचणीला उपयोगी पडतो, असाही एक युक्तिवाद आहे. घाटात गाडी बंद पडली तर मदत मागायला नंबर हवा, हे खरे. पण मग तो चालकाला दिसेल असा हवा, म्हणजे सर्व्हिस बुकात, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाआड. मागच्या काचेवरचा नंबर मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला दिसतो. त्यावरून तो कोणासाठी लावला आहे हे उघडच आहे.

आणखी एक टोमणा हमखास मारला जातो. ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, ‘जय मल्हार’, मुलांची नावे, गावाचे नाव हे सगळे काचेवर चालणाऱ्या महाराष्ट्रात डीलरच्या दोन शब्दांनी काय बिघडते? हा टोमणा माझ्याच बाजूचा पुरावा आहे. आपल्याकडे गाडीवरचा मजकूर मालकाचे म्हणणे मानला जातो, म्हणून तर लोक तो विचार करून निवडतात. त्यातली अभिरुची कोणाला रुचेल, कोणाला नाही, पण तिथे बोलणारा तो स्वतः असतो. आणि मालकाच्या मजकुरालाही इथे मर्यादा आहेत. ट्रकांवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी घातली आणि ४१४१ या आकड्यांना ‘दादा’ बनवणाऱ्या नंबरप्लेटवर पोलीस कारवाई करतात. मालकाला नसलेली मोकळीक डीलरला असण्याचे काही कारण नाही.

इथे प्रश्न केवळ मालकीचा न राहता सार्वजनिक होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मच काय, अन्य कोणतेही साहित्य या काचांवर लावायला मनाई केली. पुढे फिल्मसंबंधी नियम बदलले, वाद पुन्हा न्यायालयांत गेले, पण मागचे स्पष्ट दिसले पाहिजे हा हेतू बदललेला नाही. छोट्या हॅचबॅकची मागची काच आधीच अरुंद, त्यात वरच्या बाजूला अपारदर्शक अक्षरांचा पट्टा लावला की आरशातून दिसणारा रस्ता तेवढा कमी होतो. नंबरप्लेटचेही तसेच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो. कडा झाकणाऱ्या जाड फ्रेमवर डीलरचे ठळक नाव घालणे हे त्या प्लेटच्या उद्देशाशी विसंगत आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: काढायला गेलो तर रंग उडेल, काच खराब होईल, वॉरंटी जाईल. वॉरंटी उत्पादकाची असते आणि त्याने बनवलेल्या गाडीची असते. डीलरने वरून चिकटवलेला कागद नीट काढल्याने ती जाण्याचे कारण नाही. उरला प्रश्न कौशल्याचा. काचेवरचा स्टिकर हेअर ड्रायरने ऊब देऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू उचलता येतो. तो आतून लावलेला असेल तर डिफॉगरच्या बारीक रेषांवर ब्लेड कधीच चालवू नये, एक रेष तुटली की तेवढा भाग तापत नाही. डिकीवरचे बोधचिन्ह बहुधा फोमच्या दुहेरी चिकटपट्टीवर असते. ऊब देऊन मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढला की ते सुटते आणि उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने निघतो. थिनर रंगाला लावू नये. हे काम लवकर करावे, कारण उन्हाने भोवतालचा रंग फिकटतो आणि उशिरा काढलेल्या अक्षरांची सावली पत्र्यावर राहते. स्क्रूने बसवलेली पट्टी काढली तर भोके उरतात, तिथे गंज धरतो. ती रंगकाम करणाऱ्याकडूनच बुजवून घ्यावी. नंबरप्लेटमागची फ्रेम तर स्वतः काढूच नये, कारण प्लेटचे स्नॅप लॉक एकदा तोडले की पुन्हा वापरता येत नाहीत. आणि काढण्याच्या उत्साहात फास्टॅग, समोरच्या काचेवरचा नोंदणीचा रंगीत स्टिकर, दाराजवळचा टायरमधील हवेच्या दाबाचा तक्ता, एअरबॅगची सूचना यांना हात लावू नये. त्या जाहिराती नव्हेत.

हा सगळा खटाटोप ग्राहकाच्या वाट्याला येतो, हीच मूळ चूक आहे. म्हणून उपायाची जागा डिलिव्हरीच्या आधी आहे. बुकिंग फॉर्मवर एकच प्रश्न असावा: ‘गाडीवर आमचे नाव लावू का?’ उत्तर कोरे राहिले तर ते ‘नाही’ धरावे. ‘हो’ म्हणणाऱ्याला बिलात स्वतंत्र दिसेल अशी वजावट मिळावी. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी ही अट आपल्या डीलरशी होणाऱ्या करारात घालावी आणि तोवर ग्राहकाने बुकिंगच्या वेळीच स्टिकर, बॅज आणि फ्रेम नको असे लिहून द्यावे, ताब्याआधीच्या तपासणीत ते पाहून मगच सही करावी. यात डीलरवर अन्याय होतो असे कोणी म्हणेल, तर ज्याच्या विक्रीने आणि सर्व्हिसने ग्राहक खूश आहे, त्याला अनेक जण आनंदाने ‘हो’ म्हणतील. जाहिरात ज्याला हवी, विचारण्याचे कष्टही त्यानेच घ्यावेत.